बेळगावातील बालहृदयरोग विभाग : दोन वर्षांचा अनुभव

सुनेच्या सातव्या महिन्यातील सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात तीन गाठी दिसल्या, तेव्हा तालुक्यातील केंद्राने ‘मोठ्या गावाला न्या’ एवढेच सांगून इंग्रजी अहवाल हातात ठेवला आणि आम्ही घरी कर्करोगच गृहीत धरला. त्यानंतर खानापूरहून बेळगावातील ज्या खासगी रुग्णालयात आम्ही दोन वर्षे ये-जा केली, त्याच्या बालहृदयरोग विभागाविषयी हे लिहीत आहे.

तेथील डॉक्टरांनी गर्भाचा इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, निवांतपणे केली आणि कागदावर हृदयाचे चार कप्पे काढून समजावले, की लहान मुलांत हृदयाच्या गाठी मुळातच दुर्मीळ असतात. त्यांत सर्वाधिक आढळणारी रॅब्डोमायोमा ही कर्करोगाची नसते आणि जन्मानंतर ती बहुधा आपोआप आक्रसते, तर फायब्रोमा ही दुसऱ्या प्रकारची गाठ सहसा अशी विरत नाही. गाठींची संख्या, जागा आणि पोत पाहून निदानाचा अंदाज बांधला जातो. तुकडा काढून तपासावा लागतोच असे नाही. रक्ताची वाट अडली किंवा ठोके बिघडले तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. निवडक बाळांत गाठी आक्रसण्यासाठी एव्हरोलिमस हे औषधही वापरतात. आमच्या नातवाला दोन्हींची गरज पडली नाही. ‘आज काही करायचे नाही’ हे कारणासह सांगणारा डॉक्टर मला तरी प्रथमच भेटला.

गाठी एकाहून अधिक असल्याने ट्यूबरस स्क्लेरोसिस या, अनेक अवयवांत गाठी होणाऱ्या जनुकीय विकाराची शक्यता त्यांनी आधीच बोलून दाखवली आणि जन्मानंतर मेंदूचा एमआरआय व मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घेतली. पाठीवरचे जे फिकट डाग आम्ही शिबे समजत होतो, तेही याच विकाराचे निघाले. बाळ वारंवार दचकल्यासारखे पुढे वाकून हात फेकू लागले, तर मोबाइलवर चित्रण करून त्याच दिवशी या, ही त्यांची सूचना पाचव्या महिन्यात उपयोगी पडली. ते झटकेच (फिट) होते आणि त्यांवरचे विगाबॅट्रिन हे औषध वेळेत सुरू झाले.

उणिवाही आहेत. क्रमांक लावूनही तीन तास बसावे लागते, जनुकीय तपासणीचा खर्च नमुना घेतल्यानंतर कळतो, आणि डॉक्टर अस्खलित मराठी बोलत असले तरी संमतिपत्र कन्नड व इंग्रजीतच असल्याने सिस्टरबाईंकडून वाचून घेऊन सही करावी लागली.

गेल्या इकोत एकच गाठ उरली असून तीही बरीच लहान झाली आहे. झटक्यांसाठी मात्र मुलांच्या मेंदूचे तज्ज्ञ या विभागात नसल्याने आम्हाला अजूनही कोल्हापूरची वेगळी फेरी करावी लागते.