युरोपला जाणारा हापूस: रत्नागिरीकडच्या गरम पाण्याच्या प्रक्रियेचं परीक्षण

रत्नागिरी परिसरातल्या पॅकहाऊसमध्ये युरोपच्या हापूसवर होणारी गरम पाण्याची प्रक्रिया फळमाशी (फळात अंडी घालणारी माशी) मारण्यापुरती चोख आहे. कच्चं किंवा डागी फळ मात्र ती सुधारत नाही, उलट त्याचे दोष उघडे पाडते.

१ मे २०१४पासून युरोपीय संघाने फळमाशीमुळे आपला आंबा बंद केला आणि जानेवारी २०१५मध्ये बंदी उठवायचं ठरलं. तेव्हापासून ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं, हा दंडक आहे. जपानला पाणी चालत नाही, तिथे वाफ लागते: गराचं तापमान ४७.५ अंशांवर २० मिनिटं. आखाताला यातलं काहीच नको.

क्रेट टाकीत सोडले की पाणी थंडावतं. वेळ मोजायची ती तापमान पुन्हा ४८वर आल्यावर. चांगल्या केंद्रात यंत्रच हे सांभाळतं आणि त्याची नोंद छापून मिळते. ती मागून घ्याच. खरी गडबड एप्रिल-मेच्या गर्दीत होते. क्रेट ठासून भरले तर मधल्या फळांभोवती पाणी खेळत नाही. काट्यावर ४८ दिसतं, कोयीजवळचा गर मात्र तेवढा तापलेला नसतो. लहानमोठी फळं एकत्र टाकली तरी तेच, कारण मोठ्या फळाचा गर उशिरा तापतो. म्हणून वजनाप्रमाणे प्रतवारी आधीच करून न्यावी. पाणी ४८च्या वर चढलं तर साल भाजते आणि देठाकडे तपकिरी डाग उठतात.

तोडणी चौदा आणे (म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार फळाची, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठ ठेवून. कोवळ्या फळाची साल उकाडा सोसत नाही. चीक सालीवर ओघळलेला असेल तर प्रक्रियेनंतर तो डाग जास्तच उठून दिसतो. बागेत फळमाशी पकडणारे हेक्टरी ४ रक्षक सापळे हवेतच. टाकी अळी मारते, पण मेलेली अळी फळातच राहते आणि गिऱ्हाईक तेवढ्यावरही नाक मुरडतं.

या सेवेची कच्ची बाजू म्हणजे थंड करणं. पाण्यातून काढलेलं फळ गार होऊन सुकेपर्यंत पंख्याखाली जागा लागते, ती गर्दीत अपुरी पडते. कोमट फळ खोक्यात बंद केलं तर आत घाम धरतो, बुरशी येते आणि आंबा वाटेतच पिकायला लागतो. हे आपण उभं राहून बघावं. बागेची मँगोनेट (निर्यातीच्या आंबा बागांची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंदणी हंगामाआधी उरकावी. ती नसेल तर प्रक्रिया होऊनही फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) अडतं.