यूव्ही प्लांटचा ‘शून्य’ रिपोर्ट असा मिळवला जातो

पुण्याबाहेरच्या आमच्या सोसायटीत वर्षातले बरेच महिने टँकरचं पाणी असतं. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाइपवर यूव्ही प्लांट आहे, म्हणजे अतिनील किरणांनी पाण्यातले जंतू मारणारं यंत्र. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपत आली की कंत्राटदार लॅबचा रिपोर्ट आणतो : १०० मिलीमध्ये कोलिफॉर्म नाहीत, ई. कोलाय नाहीत (हे जंतू म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची खूण). पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची अटही हीच, त्यामुळे कमिटी निमूट चेक फाडायची.

यंदा पावसाळ्यात घरोघरी जुलाब सुरू झाले, तेव्हा आम्ही परस्पर लॅबला बोलावलं. त्यांच्या माणसाने प्लांटच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने घेतले. दोन्हींत ई. कोलाय निघाले.

मग आधीचा रिपोर्ट शून्य कसा? तो खऱ्याच लॅबचा होता, गडबड नमुन्यात होती. वॉचमनकडून कळलं, की नमुन्याच्या आदल्या दिवशी कंत्राटदाराचा पोरगा टाकीत ‘औषध’ ओतून जायचा. म्हणजे क्लोरीन. नमुना भरायचा मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत. लॅबच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट असतं, ते उरलेलं क्लोरीन तिथेच निकामी करतं. साध्या बाटलीत क्लोरीन लॅबपर्यंत जंतू मारत राहतं. काम क्लोरीनचं, बिल यूव्हीचं!

प्लांट बंद करून उघडला, तर दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर किरण अडवणारा क्षारांचा पांढरा थर. आतला दिवा मूळचाच, बिलात मात्र दरवर्षी नवा. असे दिवे साधारण ९,००० तास चालतात, म्हणजे जेमतेम वर्षभर. नंतरही निळा उजेड दिसतो. पण जंतू मारणारे २५४ नॅनोमीटरचे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यामुळे ‘बघा, लाइट चालू आहे’ याला काडीचा अर्थ नाही. टीडीएस मीटर दाखवतात तोही तमाशाच, त्यात फक्त क्षार मोजले जातात.

लॅबवाल्याने आणखी एक सांगितलं. यूव्हीने जखमी झालेले काही जंतू उजेडात आपला डीएनए दुरुस्त करून घेतात. म्हणून बाटली अंधारात, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. शिवाय यूव्हीचा असर पुढे पाण्यात उरत नाही, तेव्हा सर्वांत लांबच्या घरातल्या नळाचाही नमुना घ्यायचा.

कंत्राटदाराकडे पैसे परत मागितले. तो अजून तोच जुना रिपोर्ट पुढे करतोय. नव्या करारात आम्ही लिहून घेतलंय : नमुना लॅबचाच माणूस घेईल आणि बदललेला दिवा सोसायटीच्या ताब्यात राहील.