चिखलाचा टायर की कोरड्या वाटेचा?
डोंगरवाटेच्या सायकलला चिखलात उंच, विरळ नॉबचा (टायरवरच्या रबरी उंचवट्यांचा) टायरच कामाचा. नॉब खोल रुततात आणि चाक फिरता फिरता मधल्या मोकळ्या जागेतला चिखल उडून जातो. दाट, बुटक्या नॉबमध्ये तोच चिखल थापला जातो. बोटाने खरवडून काढावा लागतो, आणि तोवर ब्रेक दाबला की चाक घसरतंच. कोरड्या, टणक वाटेवर मात्र बुटका टायर हलका पळतो. उंच नॉब तिथे वळणावर मुडपतात, लवकर झिजतात. झाडांच्या ओल्या मुळांवर दोन्ही टायरांची परीक्षा. तिथे नक्षीपेक्षा मऊ रबर आणि २-३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी हवा जास्त उपयोगी. वाट मिश्र असेल तर मी पुढे जास्त पकडीचा टायर लावतो, मागच्या चाकाला हलका पळणारा. मागचं चाक सरकलं तरी सावरता येतं. पुढचं सरकलं की वेळच मिळत नाही.