कापसाच्या गावची प्रेमकथा : आठ महिन्यांनंतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी ‘ड’ वर्गाचं छोटं वाचनालय आहे, ते मी सांभाळते. अनुदान येईल तेव्हा येतं, त्यामुळे तीनशे रुपयांचं पुस्तक घेताना दहादा विचार करावा लागतो. तरी दिवाळीत ही कादंबरी घेतली. मुखपृष्ठावर फुटलेल्या कापसाचं वावर, नायिका बारावीतली, गोष्ट आपल्याच भागातली. आमच्या पोरी असंच काहीतरी मागत होत्या. लेखकाचं पहिलंच पुस्तक आहे म्हणून नाव लिहीत नाही.

सुरुवात खरंच छान आहे. ती मानव विकासच्या, म्हणजे शिकणाऱ्या मुलींसाठीच्या सरकारी योजनेतल्या, निळ्या बसने तालुक्याला कॉलेजात जाते. तो रोज फाट्यावर सायकलची चेन उतरली म्हणून वाकून बसलेला. एक दिवस तिच्या लक्षात येतं की ह्याच्या बोटांना कधीच काळं लागलेलं नसतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तशीच बसले. इतकं नेमकं लिहिणारा माणूस पुढे कुठे हरवला?

पोळ्याच्या दिवशी दोघं पांढऱ्या कापसात भेटतात. आमच्या एका वाचक पोरीने तिथेच पुस्तक परत आणलं. ‘ताई, पोयाले कापूस फुटते का कुठी?’ जूनमध्ये पेरलेल्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पोळ्याला पात्या-फुलं असतात, वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास लागते. ही चूक मी पोटात घातली असती. पण नायिका अख्ख्या कादंबरीत एकदाही ओटी बांधून वेचायला जात नाही. सुट्टीच्या दिवशी आमच्या पोरी वेचायला असतात. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा सोलवटलेल्या, त्याच हातांनी त्या पुस्तक घेतात. ती बोटं ज्या लेखकाला दिसत नाहीत, त्याला ह्या गावातलं प्रेम कसं दिसणार?

माझी खरी तक्रार तर पुढेच आहे. इथे मुलीचं नाव कुणाशी जोडलं गेलं की पहिल्यांदा कॉलेज बंद होतं, मग मोबाईल जातो, आणि उन्हाळ्यात पाहुणे बघायला येतात. पोरीला अठरा पूर्ण झालेली असोत नसोत. ह्या पुस्तकात मात्र दोघं चौकात बोलतात, गाडीवर फिरतात आणि घरात कुणी चकार शब्द काढत नाही. दुसरी एक वाचक म्हणाली, ‘इले घरी कोनी काहीच काऊन म्हनत नाही?’ भीतीच नाही, मग भेटायला लागणारी हिंमतही नाही. शेवटी तो पुण्याहून नोकरी घेऊन येतो आणि तिच्या बापाशी बोलतो. तिला पुढे शिकायचंय का, हे लेखकही विचारत नाही. सुरुवातीला त्याची बोटं बघणारी हुशार पोर शेवटच्या पन्नास पानांत नुसती वाट बघत बसते. मला ह्याचं फार वाईट वाटलं.

आठ महिन्यांत अकरा जणींनी पुस्तक नेलं. पानं पाहिली की कळतं. साठेक पानांपर्यंत कडा मळल्यात, कोपरे दुमडलेत, फाट्याच्या प्रसंगावर हळदीचं बोट उमटलंय. शंभरानंतर पानं अगदी कोरी आहेत. शेवटपर्यंत वाचणाऱ्या तिघीच निघाल्या. बांधणीही नुसत्या डिंकाची. एप्रिलच्या उन्हात पाठ तडकली, मी दाभणाने दोरा ओवून शिवली.

पुस्तक कपाटातून काढलेलं नाही. त्या साठ पानांसाठी पोरी अजून नेतात. पण तीनशे रुपये देऊन घ्या, असं कुठल्याही वाचनालयाला मी सांगणार नाही. पोळ्याच्या कापसावरून परत आणणारी पोर परवा पुन्हा आली होती. ‘अशीच गोष्ट, पन खरी वाटनारी, हाय का?’ माझ्या कपाटात नाही. गावातल्या, कष्ट करणाऱ्या, शिकणाऱ्या मुलीची प्रेमकथा तुमच्या वाचनात आली असेल तर नक्की कळवा. पुढचं अनुदान आलं की पहिलं तेच पुस्तक मागवते.