अनटर्न्ड: गोळ्या कमी, भूक जास्त

‘अनटर्न्ड’ हा झॉम्बींच्या, म्हणजे चालत्या मढ्यांच्या, जगात तगून राहायचा कॉम्प्युटर गेम. नेमबाजीचा गेम म्हणून तो सुमार आहे, हे आधीच सांगून टाकते. तरीही यंदाच्या अख्ख्या उन्हाळ्यात माझ्या क्लासमधल्या पोरापोरींनी दुसरा गेम लावू दिला नाही, आणि दुपारी एक ते चार शटर अर्धं खाली असताना मीही त्यांच्यात बसून खेळले. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, तेवढंच इथे लिहायचं आहे.

आधी मशीनचं बोलू, कारण आपल्याकडे गेमची चौकशी तिथूनच सुरू होते. अंमळनेरला माझा एमएस-सीआयटीचा क्लास आहे. मशिनी वर्ड आणि एक्सेलपुरत्या घेतलेल्या: चार जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड एकातही नाही. जळगावहून सुट्टीला आलेला माझा भाचा आधी कुठला कुठला साठ-सत्तर जीबीचा गेम उतरवायला निघाला होता. म्हटलं, बाबा, त्या डब्याच्या छातीत एवढा दम नाही. मग त्याने स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून हा उतरवला. फुकट. डाउनलोडही एवढं लहान की संध्याकाळची बॅच यायच्या आत खेळ सुरू झाला. सेटिंगमध्ये जाऊन गवत बंद केलं, सावल्या बंद केल्या, लांबचं दिसणं कमी केलं की आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या मशीनवरसुद्धा चालतो. पंखा मात्र घरघरतो. पण बाजूला कूलर त्याहून मोठ्याने घरघरत असतो, त्यामुळे कळत नाही.

हा गेम एका शाळकरी वयाच्या पोराने केला आहे. कॅनडातल्या नेल्सन सेक्स्टनने जुलै 2014 मध्ये तो स्टीमवर अर्धवट अवस्थेतच खेळायला दिला, तेव्हा तो 16 वर्षांचा होता. त्याआधी तो रोब्लॉक्सवर, जिथे कोणीही स्वतःचा गेम बनवू शकतं, गेम बनवायचा; त्यातला एक असाच झॉम्बीवाला होता. पूर्ण झाला असं जाहीर व्हायला 7 जुलै 2017 उजाडलं. हे कळल्यावर गेमचं रूप वेगळ्या नजरेने दिसतं. माणसं चौकोनी, झाडं चौकोनी, झॉम्बीचं तोंड म्हणजे हिरव्या खोक्यावर दोन डोळे. डेझी नावाच्या गेममधलं जगणं-मरणं उचलायचं आणि त्याला माइनक्राफ्टसारखं ठोकळेबाज रूप द्यायचं, असा हा मामला. एकट्या पोराच्या हाताला झेपेल असंच चित्र त्याने निवडलं, आणि त्यामुळेच ते माझ्या मशीनला झेपतं. स्टीमवर या गेमबद्दल लाखांच्या वर लोकांनी मत नोंदवलंय, आणि त्यातली बहुतेक मतं बाजूची आहेत. माझ्या क्लासमधली मतं तेवढी एकमुखी नाहीत.

भाच्याचं मत सगळ्यात कडक. तो मोबाइलवर बंदुकांचे गेम खेळून तयार झालेला, डोळा आणि बोट एकाच वेळी चालतात त्याचे. तो म्हणतो, “मावशी, यात गोळी लागल्याचं समाधानच नाही. झॉम्बी लाकडाच्या ओंडक्यासारखा पडतो.” ते खरंच आहे. बंदूक उडते तेव्हा हाताला काही जाणवत नाही, आवाज पातळ, झॉम्बीचं डोकंही फार चालत नाही. तो सरळ रेषेत अंगावर येतो, मध्ये कुंपण आलं की गोंधळतो. भाच्याच्या मते ज्याला झॉम्बी मारायचेच आहेत त्याने किलिंग फ्लोर घ्यावा. तोही मुळात 2005 मध्ये दुसऱ्या एका गेमवर हौशी लोकांनी चढवलेला खेळ, 2009 मध्ये स्वतंत्र विकायला आला. सहा जण मिळून लाटेमागून लाट अंगावर घ्यायची, मध्ये दुकानातून बंदुका घ्यायच्या, पुन्हा उभं राहायचं. त्यातली बंदूक हातात जड लागते, असं तो म्हणतो. मी पाहिला. बरोबर आहे त्याचं. पण त्यात मला अर्ध्या तासात कंटाळा आला, कारण मारणं सोडून करण्यासारखं काही नव्हतंच.

अनटर्न्डमध्ये मारायला आधी गोळी तरी हवी ना! तुम्ही उतरता ते अंगावरच्या कपड्यांनिशी. पहिला नकाशा म्हणजे पीईआय, कॅनडातलं प्रिन्स एडवर्ड आयलंड. शार्लटटाउन, मॉन्टेग्यू, आल्बर्टन ही खरी नावं, आणि खऱ्या बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा जवळजवळ 13 किलोमीटरचा कॉन्फेडरेशन पूलही त्यात आहे, अर्थात आखडून घेतलेला. एखाद्या घरात शिरलात की कपाटाजवळ राजम्याचा डबा, स्वयंपाकघरात सुरी, कधी बंदूक. बंदूक सापडली की नवीन पोरगं ओरडतं. मग कळतं की तिला मॅगझिन, म्हणजे बंदुकीत बसवायची गोळ्यांची डबी, नाही. मॅगझिन सापडतं ते दुसऱ्याच जातीच्या बंदुकीचं. नागरी वेगळं, रेंजर वेगळं, लष्करी वेगळं. लष्करी मॅगझिनमध्ये 30 गोळ्या बसतात, पण ती रिकामी झाली की गोळ्यांची पेटी शोधून हाताने भरावी लागते. शेवटी बरोबर मॅगझिन मिळतं आणि तुम्ही थाटात पहिली गोळी झाडता, तर तिच्या आवाजाने गल्लीतले सगळे झॉम्बी तुमच्याकडे वळतात.

माझ्या मते गेमची खरी करामत इथे आहे. आवाज मोजला जातो. पळालात तर लांबून कळतं, वाकून चाललात तर कमी, पोटावर सरपटलात तर जवळजवळ नाहीच. म्हणून शहाणा खेळाडू बंदूक पाठीला लावून ठेवतो आणि कुऱ्हाडीने काम भागवतो. माझी पुतणी, दहावीला बसलेली, आमच्यात सगळ्यात पुढे आहे, आणि ती क्वचितच गोळी झाडते. घराच्या मागून वाकत जाते, एकेकाला कुऱ्हाडीने गाठते, बाहेर येते तेव्हा पिशवी भरलेली. पौर्णिमेच्या रात्री गेममधले झॉम्बी जास्त चवताळतात, हे तिनेच आम्हाला सांगितलं. त्या रात्री ती कोणाला गावात जाऊ देत नाही. भाचा गेला होता. “काकू, त्याला सांगितलं होतं मी,” एवढंच म्हणाली, आणि त्याचं सांडलेलं सामान गोळा करून आपल्या पेटीत ठेवलं.

मेल्यावर सामान मेल्याच्या जागी पडतं. परत जाऊन उचलता येतं, फक्त तुमच्या आधी कोणी पोचलं नाही तर.

भूक आणि तहान यांच्या पट्ट्या सारख्या खाली येत असतात, आणि तिसरी पट्टी रोगप्रतिकाराची: झॉम्बीने ओरबाडलं की ती घसरते, घाण पाणी प्यायलात की घसरते, कच्चं मांस खाल्लंत की घसरते. खाण्याच्या वस्तूवर टक्के लिहिलेले असतात. पन्नासच्या खालचं खाल्लं तर पोट भरतं आणि रोग वाढतो. ज्या घरात उन्हाळ्यात एक दिवसाआड नळ येतो त्या घरातल्या बाईला ही पट्टी वेगळी समजवावी लागत नाही. आमच्या गटात पाण्याच्या बाटल्या माझ्या ताब्यात असतात. कोणाला किती द्यायचं ते मी ठरवते, त्यावरून भांडणं होतात, आणि खरं सांगू, त्या भांडणांत जी मजा आहे ती गोळीबारात नाही.

क्लासला बोरी नदीकाठच्या एका खेड्यातून एक मुलगा येतो, घरी शेती. त्याला मारामारीत रस शून्य. त्याने डोंगरापलीकडे माळावर लाकडाचं घर बांधलं आणि बियाणं गोळा करून गाजर, बटाटे, मका लावला. गेममधलं खत असं आहे की टाकलं की पीक लगेच काढणीला. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो खुर्चीत सरळ होऊन बसला: “मॅडम, हाई खत कथं भेटस? माले दोन गोण्या पाहिजे.” वर्गभर हसू. पण बाकीचे सगळे त्याच्याच मक्यावर जगतात, आणि त्याला ते पुरतं ठाऊक आहे. भाच्याने एकदा न विचारता कणसं काढली, तर दुसऱ्या दिवशी घराला कुलूपवालं दार.

माळावरच्या या घराला एक गोम आहे. झॉम्बी फक्त गावं, लष्करी तळ, शेतवाड्या अशा ठरलेल्या हद्दींतच असतात. हद्दीबाहेर पळालात की ते थांबतात आणि मागे वळतात. पहिल्या दिवशी हायसं वाटतं, आठवड्याभरात भीती संपते. मोकळ्या रानात घर बांधलंत तर झॉम्बी चालून यायचेच नाहीत, मग भिंती कशासाठी? मुद्दाम झुंड बोलवायचं एक यंत्र मिळतं, ते लावलं तर धमाल येते. पण आपत्ती आपणच बोलवायची म्हणजे जरा विचित्रच. एकट्याने खेळणाऱ्याला हा गेम महिन्याभरात कोरडा पडतो तो यामुळे.

भिंतींचा उपयोग कळतो तो अनोळखी लोकांच्या सर्व्हरवर. तिथे झॉम्बी किरकोळ, माणसंच वाईट. तुम्ही झोपलात की कोणी तरी भिंत उडवून पेट्या रिकाम्या करतं. आम्ही एका सर्व्हरवर गेलो (नाव देत नाही), तिथे व्हॉइस चॅटवर ज्या शिव्या ऐकल्या त्या मी अंमळनेरच्या आठवडे बाजारात पण ऐकल्या नाहीत. आईबापांनी एवढं ध्यानात ठेवावं: गेममधलं रक्त ठोकळेबाज आहे, त्याने पोरं बिघडत नाहीत. हेडफोन मात्र तपासा. मी त्या दिवसापासून क्लासच्याच एका मशीनवर आपला सर्व्हर चालू केला. बाहेरचं कोणी नाही, एकमेकांना मारायचं बंद, आणि माझं ऐकायचं.

गाड्यांबद्दल माझ्यापेक्षा आमचे हे जास्त सांगतील. संध्याकाळी दुकान बंद करून न्यायला येतात आणि मध्येच बसतात. त्यांना फक्त गाडी चालवायची असते. पेट्रोल पंपावरून कॅनमध्ये भरून आणायचं, टाकीत ओतायचं, बॅटरी आहे का बघायची, इथपर्यंत सगळं नीट. मग धुळे रोडवर असल्यासारखा हॉर्न. हॉर्न ऐकून झॉम्बी धावत येतात, तो शेतकरी मुलगा “तुना मांगे शे, मांगे शे!” ओरडतो, त्याला घाईत कळतच नाही आपण कोणाला काय म्हणतोय, आणि हे गाडी विहिरीएवढ्या खड्ड्यात घालतात. गाडी चालवणं या गेममध्ये साबणावरून घसरण्याच्या जवळचं आहे. त्यांना तेच आवडतं.

वीज. एकट्याने खेळताना गेममधून नीट बाहेर पडल्याशिवाय सगळं जपलं जाईल याचा भरवसा धरू नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की लाइट कधी जाईल सांगता येत नाही. मशिनींना यूपीएस आहे, पण त्याच्या बॅटऱ्या शोभेच्या. सवय लावून घ्या: काही चांगलं हाती लागलं की मेनूत बाहेर या, पुन्हा आत जा. पुतणी हे करते. भाचा करत नाही, आणि लाइट गेल्यावर जो आवाज काढतो तो शेजारच्या झेरॉक्सवाल्याला ऐकू जातो.

पैशाचं म्हणाल तर गेम पूर्ण फुकट. गोल्ड नावाचं एकदाच घ्यायचं एक अपग्रेड आहे, पाच डॉलरच्या आत, त्यात मुख्यतः दिसण्याच्या हौशी आणि वेगळे सर्व्हर. माझ्या मते ते घ्यायचं असेल तर त्या पोराला शाबासकी म्हणून घ्यावं, खेळायला त्याची गरज नाही. कपड्यांचे, बंदुकीच्या रंगांचे खोके उघडण्याचा प्रकारही आहे. त्याकडे मी कोणाला फिरकू देत नाही.

नवशिक्याला गेम काही शिकवत नाही, हा माझा सगळ्यात मोठा आक्षेप. जखमेतून रक्त वाहतंय तर चिंधी बांधायची, पाय मोडला तर खपाची लावायची, कोणती वस्तू कशात मिसळली की काय तयार होतं, सगळं चाचपडत. इंग्रजी कच्चं असेल तर दुप्पट चाचपडत. आमच्याकडे पुतणीने वहीत लिहून ठेवलंय मराठीतून, नवीन पोराला आधी ती वही वाचायला देतात.

पीईआय संपलं की वॉशिंग्टन, मग रशिया, आणि खेळाडूंनी बनवलेले नकाशे तर स्टीमच्याच वर्कशॉप नावाच्या विभागात फुकट, मोजता येणार नाहीत इतके. आम्ही सध्या युकॉन नावाच्या नकाशावर आहोत. सगळीकडे बर्फ. बाहेर डांबर वितळतंय, आत पडद्यावर बर्फ पडतोय, आणि शेतकरी मुलगा विचारतोय की इथे मका येईल का.