‘पॅन्डेमिक’ : समोर कुणीच नसताना रंगणारी लढाई

मी नाटकं लिहिते. खलनायक नसलेलं नाटक उभं कसं करायचं, हा प्रश्न मला कितीतरी वर्षं छळतो आहे, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला एका बोर्डगेममध्ये सापडलं. खेळाचं नाव ‘पॅन्डेमिक’. हा रिव्ह्यू त्यामुळे खेळाडूपेक्षा गोष्ट रचणाऱ्या बाईच्या नजरेतून लिहिलेला आहे, हे आधीच सांगते.

दुष्काळ, म्हातारपण, आजार, हातातून निसटणारा वेळ यांना विरोधात उभं करायचं ठरवलं की दुसऱ्या प्रवेशातच पंचाईत होते. दुष्काळ रंगमंचावर येऊन बोलत नाही. त्याला कुणाकडून काही नको असतं, त्याचा कुणावर राग नसतो. मग लिहिणारा घाबरतो आणि पाणी दडवून ठेवणारा एक लोभी माणूस आणून उभा करतो. त्या क्षणापासून नाटक त्या माणसाचं होतं. शेवटी तो पकडला जातो, टाळ्या पडतात, आणि पाऊस आला की नाही हे कुणी विचारतही नाही. असली नाटकं मी खूप वाचली आहेत आणि दर वेळी वाईट वाटलं आहे, कारण मूळ विषय फार मोलाचा असतो.

‘पॅन्डेमिक’मध्ये तसा माणूसच नाही. मॅट लीकॉक यांनी रचलेला हा खेळ 2008 साली बाजारात आला. माझ्याकडे 2013ची सुधारित आवृत्ती आहे. पटावर जगाचा नकाशा आणि त्यावर रेषांनी एकमेकांना जोडलेली 48 शहरं. चार आजार, त्यांना नावंसुद्धा नाहीत, फक्त रंग: निळा, पिवळा, काळा, लाल. प्रत्येक रंगाचे 24 छोटे ठोकळे. दोन ते चार जणांनी खेळायचं आणि सगळे एकाच बाजूला. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. प्रत्येकाला एक भूमिका मिळते. कुणी मेडिक, कुणी शास्त्रज्ञ, कुणी इतरांच्या सोंगट्या हलवू शकणारा डिस्पॅचर. पाळी आली की चार कृती करायच्या, खेळाडूंच्या गड्डीतले दोन पत्ते उचलायचे (त्यातले बहुतेक शहरांचे असतात), आणि मग आजारांच्या वेगळ्या गड्डीतले पत्ते उलटायचे. ज्या शहराचं नाव निघेल तिथे एक ठोकळा ठेवायचा. आजाराची चाल एवढीच. ती खेळणारं कुणी नसतं.

खरी करामत खेळाडूंच्या गड्डीत दडवलेल्या ‘एपिडेमिक’ नावाच्या पत्त्यात आहे. तो निघाला की संसर्गाचा वेग, म्हणजे दर पाळीला आजारांचे किती पत्ते उलटायचे ते, दाखवणारी खूण एक घर पुढे सरकते. आजारांच्या गड्डीतला सगळ्यात खालचा पत्ता ओढून त्या शहरावर एकदम तीन ठोकळे ठेवले जातात. आणि मग आतापर्यंत उलटलेले सगळे पत्ते पिसून पुन्हा त्याच गड्डीच्या वर ठेवले जातात. खाली नाही, मधे कुठेतरी मिसळून नाही, अगदी वर. म्हणजे यापुढे निघणारी शहरं तीच असणार, जी एकदा निघून गेली आहेत.

हा एक नियम माझ्या दृष्टीने अख्ख्या खेळाच्या तोडीचा आहे. आजाराला हेतू नाही, पण या नियमाने त्याला सवय लावली: तो जिथे येऊन गेला तिथे परत येतो. खलनायकाची भीती वाटते ती तो दुष्ट आहे म्हणून नव्हे. तो काय करणार याचा आपल्याला अंदाज असतो आणि तरी तो कधी करणार हे कळत नाही, म्हणून वाटते. नुसते फासे टाकून शहरं ठरवली असती तर आपण नशिबाला बोल लावून मोकळे झालो असतो. इथे तसं होत नाही. त्या गड्डीत कोणती शहरं आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, बोटांवर मोजून सांगता येतं. फक्त क्रम माहीत नसतो. अमूर्त विरोधकाला चेहरा लागत नाही, स्वभाव लागतो, आणि तो स्वभाव प्रेक्षकाला शिकता आला पाहिजे, हे मला या पत्त्यांनी फार स्पष्ट दाखवलं.

एक डाव सांगते. माझी धाकटी बहीण, तिचा मुलगा आणि मी. बगदादवर तीन काळे ठोकळे, इस्तंबूलवरही तीन. एका शहरात एका रंगाचे तीनच ठोकळे राहू शकतात. चौथा ठेवायची वेळ आली की आउटब्रेक होतो, म्हणजे त्याला जोडलेल्या प्रत्येक शहरावर एकेक ठोकळा जातो, आणि तिथे आधीच तीन असतील तर तेही फुटतं. भाचा सारखा बजावत होता, “मावशी, बगदाद उलटून झालंय. एपिडेमिक आला तर ते परत वर येणार.” आला. पत्ते पिसले, वर ठेवले, आणि उलटायच्या दोन पत्त्यांतला दुसरा बगदाद निघाला. तेहरान, कराची, रियाध, कैरो, प्रत्येकी एक ठोकळा. इस्तंबूलवर जागा नाही म्हणून ते फुटलं, आणि तिथून मिलान, सेंट पीटर्सबर्ग, मॉस्को, अल्जिअर्स, आणि कैरोवर आणखी एक. मिलान खरं तर निळ्या आजाराच्या टापूतलं शहर, पण आता तिथे काळा ठोकळा बसला.

ठोकळे मांडत होती माझी बहीण. तिच्या बोटांकडे पाहताना माझ्या लक्षात आलं की या खेळात विरोधकाचं सगळं काम आपल्यालाच करावं लागतं. आपणच पत्ता उलटायचा, आपणच आपल्या शहरावर आजार ठेवायचा. दुसरा कुणी ते करत असता तर त्याच्यावर चिडता आलं असतं. भाच्याने कुणाकडे रागाने पाहावं? आईकडे? तो पटाकडेच पाहत राहिला आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणाला, “आता कैरो.” खलनायक असला की गोष्टीतल्या माणसांची नजर त्याच्यावर खिळते. तो नसला की ती कामावर आणि एकमेकांवर वळते. लिहिताना हे मला नेहमी हवं असतं आणि क्वचित साधतं.

हरायच्या वाटा तीन आहेत. आठवा आउटब्रेक झाला, एखाद्या रंगाचे ठोकळे संपले, किंवा खेळाडूंच्या गड्डीत उचलायला पत्तेच उरले नाहीत. जिंकायची वाट एकच: चारही आजारांवर औषध शोधणं. पहिल्या दोन वाटांमध्ये आजार जिंकतो असं म्हणता येईल, पण तिसरीत तेही नाही, तिथे नुसता वेळ संपतो. तिघांनी चार एपिडेमिक घालून खेळायचं तर सुरुवातीचे पत्ते वाटून झाल्यावर गड्डीत 48 पत्ते उरतात. दर पाळीला दोन, म्हणजे 24 पाळ्या, प्रत्येकाला 8. एकेका माणसाच्या वाट्याला साधारण 32 कृती. हा हिशोब मी एकदा करून पाहिला आणि मग प्रत्येक कृती जड वाटायला लागली.

गड्डीची रचनाही नाटककाराने पाहण्यासारखी आहे. पत्त्यांचे सारखे चार भाग करून प्रत्येकात एक एपिडेमिक पिसला जातो आणि मग ते भाग एकावर एक रचले जातात. म्हणजे प्रत्येक अंकात एक संकट येणार हे नक्की, पण ते अंकाच्या सुरुवातीला येईल की शेवटी हे कुणालाच माहीत नाही. कधी एका अंकाचा शेवटचा पत्ता आणि पुढच्याचा पहिला, असे दोन एपिडेमिक लागोपाठ येतात. संसर्गाच्या वेगाची घरंही बघा: 2, 2, 2, 3, 3, 4, 4. पहिले दोन एपिडेमिक येऊन गेले तरी वेग तोच राहतो, तिसऱ्याला वाढतो. प्रेक्षकाला जरा निर्धास्त होऊ द्यायचं आणि मग पकड आवळायची, हे ज्याला कळतं त्याने ही पट्टी आखली आहे.

आणि भांडणं होतातच, फार चांगली भांडणं होतात. औषध शोधायला एकाच रंगाचे पाच पत्ते एका हातात लागतात, शास्त्रज्ञाला चार पुरतात. पत्ता दुसऱ्याला द्यायचा तर ज्या शहराचा पत्ता आहे त्याच शहरात दोघांनी असावं लागतं. त्याच डावात बहिणीकडे चार काळे पत्ते होते आणि पाचवा, कैरोचा, माझ्या हातात. मी मेडिक होते. एका कृतीत एखाद्या शहरातले एका रंगाचे सगळे ठोकळे उचलायची ताकद माझ्याकडे, आणि कराचीवर तीन झाले होते. कैरोला जाऊन पत्ता द्यायचा तर कराची तसंच सोडावं लागणार. कराची वाचवावं तर औषध एक फेरी लांबणार, आणि फेऱ्या मोजक्याच. बहीण म्हणत होती ते बरोबर होतं. मी म्हणत होते तेही बरोबर होतं. आवाज चढले, आणि चढले ते दोघींनाही लोकांना वाचवायचं होतं म्हणून. माणसामाणसांतला संघर्ष खलनायकाशिवाय संपतो असं मानणाऱ्या प्रत्येक लेखकाने ही दहा मिनिटं अनुभवावीत.

आता खटकलेल्या गोष्टी. सगळ्यात मोठी ही की सगळे एका बाजूला असल्यामुळे ज्याला खेळ जास्त येतो तो सगळ्यांच्या पाळ्या खेळायला लागतो. बाकीचे नुसत्या सोंगट्या हलवतात आणि कंटाळतात. खेळाचे नियम हे थांबवत नाहीत. आम्ही घरी एक नियम केला: ज्याची पाळी त्याने आधी बोलायचं आणि विचारल्याशिवाय कुणी सुचवायचं नाही. त्याने पुष्कळ फरक पडला, पण हे खेळाच्या रचनेतच असायला हवं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. या पटावर आजारी माणूस नाही. मृत्यूचा आकडा नाही, घर नाही, शहरातले लोक स्वतःहून काही करतात असंही नाही. सगळ्यांच्या सोंगट्या अटलांटाहून निघतात, कारण अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था तिथे आहे, आणि बाकीचं जग म्हणजे ठोकळे पडण्याच्या जागा. अमूर्त विरोधक हवा म्हणून पीडित माणसालाही अमूर्त करून टाकायची गरज नव्हती. भूमिकांच्या पत्त्यांवर चित्रं आहेत तशी शहरांच्या पत्त्यांवर माणसं आली असती तर मला आवडलं असतं. शेवटाबद्दलही बोलायला हवं. चौथं औषध सापडलं की खेळ तिथेच संपतो, पटावर कितीही ठोकळे असले तरी. भाच्याला हे अपुरं वाटतं, त्याला पट साफ झालेला हवा असतो. मला मात्र हा शेवट फार प्रामाणिक वाटतो. आजार हरत नाही, त्याच्यावर काय करायचं हे माणसांना कळतं, आणि गोष्ट तिथे थांबते.

लहान मुलं बरोबर असतील तर याच लीकॉक यांचा ‘फॉरबिडन आयलंड’ आधी घ्या. तिथे बुडतं बेट हाच विरोधक. 24 फरशांचं बेट, पाणी चढतं तेव्हा उलटलेले पत्ते तसेच पिसून वर येतात, आणि दुसऱ्यांदा बुडालेली फरशी पटावरून कायमची जाते. पायाखालची जमीन खरोखर उचलून बाजूला ठेवायची, हे मुलांना लगेच भिडतं. खेळ छोटा आहे, नियम चटकन कळतात. मोठ्यांना काही डावांनंतर तो पुरत नाही.

‘पॅन्डेमिक’ची ‘ऑन द ब्रिंक’ ही 2009 साली आलेली पुरवणीही मी घेतली, आणि खलनायकाबद्दल मनात जे होतं ते तिथे तपासायलाच मिळालं. तिच्यात एक प्रकार आहे ‘बायो टेररिस्ट’. एक खेळाडू बाकीच्यांच्या विरोधात जातो, स्वतःच्या चाली कागदावर लपवून लिहितो आणि जांभळा आजार पसरवतो. आम्ही खेळलो. चुरस होती, मजाही आली. पण पहिल्या फेरीपासून सगळे पटाऐवजी भाच्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागले, कारण टेररिस्ट तो होता. कुठे लपला असेल, आता का हसला, कागदावर इतका वेळ काय लिहितोय? चार आजार तसेच पसरत होते आणि कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. पाणी दडवणारा तो लोभी माणूस इथेही येऊन बसला होता.

त्याच बॉक्समधला ‘व्हायरलंट स्ट्रेन’ हा प्रकार मात्र मला मूळ खेळाहूनही आवडतो. पहिला एपिडेमिक निघतो त्या क्षणी ज्या रंगाचे ठोकळे पटावर सगळ्यात जास्त असतील तो आजार जहाल ठरतो, आणि पुढचा प्रत्येक एपिडेमिक त्याला एक नवी खोड देतो. कोणता आजार जहाल व्हायचा हे कुणी निवडत नाही. पहिल्या काही पाळ्यांत तुम्ही ज्याच्याकडे काणाडोळा केला, बहुतेक वेळा तोच होतो. नवीन घेणाऱ्यांना माझा सल्ला असा: आधी मूळ खेळ चार एपिडेमिक घालून खेळा, हात बसला की पाच घाला, आणि मग पुरवणी आणून सरळ ‘व्हायरलंट स्ट्रेन’कडे जा. टेररिस्टचे जांभळे ठोकळे पिशवीतच राहू द्या.