एका डॉलरचे दोन भाव : चटई निर्यातीत झालेली फसवणूक

परदेशातल्या व्यापाऱ्याला ठोक माल विकताना मधला एजंट म्हणाला की "पैशाचं मी बघतो, तुम्ही फक्त माल काढा," तर गिऱ्हाइकाला स्वतः फोन लावा. त्याला एकच विचारा : तू तुझ्या चलनात नक्की किती रक्कम दिलीस, आणि कोणाला? पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तरी एवढं लक्षात ठेवा.

आमचा जळगाव एमआयडीसीत प्लॅस्टिक चटईचा कारखाना आहे. थोरले बंधू अण्णा लूम (चटई विणायची यंत्रं) आणि कामगार बघतात, मी खरेदी-विक्री. या धंद्यात मार्जिन बारीक असतं. पीपी दाण्याचा (पॉलिप्रॉपिलीन, चटईचा कच्चा माल) भाव कच्च्या तेलाबरोबर आणि डॉलरबरोबर वरखाली होतो, त्यामुळे निर्यातीचा भाव आम्ही डॉलरातच देतो. रुपया घसरला तर दाणा महागतो, पण विक्रीचा डॉलरही तेवढेच जास्त रुपये देतो. हा तोल सुटला की सगळा हिशेबच सुटतो. आमचा तोल नेमका तिथेच सोडवला गेला.

एजंट मुंबईत बसायचा, मूळचा धुळ्याकडचा. पहिल्या भेटीत अण्णांच्या पाया पडला आणि म्हणाला, "अण्णा, मी तुमनाच पोऱ्या शे," म्हणजे तुमचाच मुलगा आहे. नायजेरियात लागोसला त्याचे व्यापारी होते. सुरुवातीच्या ऑर्डरी लहान होत्या आणि त्यांचे पैसे माल निघण्याआधीच डॉलरात खात्यावर आले. फसवणारा माणूस पहिल्या दिवशी फसवत नाही. आधी तो विश्वास विकत घेतो, तोही गिऱ्हाइकाच्याच पैशांनी.

मग २०२३ च्या उन्हाळ्यात दोन कंटेनरची ऑर्डर आली, एकूण ४०,००० डॉलरची. ३० टक्के आगाऊ, म्हणजे १२,००० डॉलर, व्यवस्थित आले. उरलेल्या २८,००० साठी त्याने नवीन अट मांडली. नायजेरियात डॉलरची टंचाई आहे, व्यापारी नायरात, म्हणजे तिथल्या चलनात, पैसे भरेल, ते एजंटच्या लागोसमधल्या खात्यात जमा होतील, आणि सरकारी दराने त्यांचे डॉलर करून तो आम्हाला पाठवेल. करारात ओळ अशी होती : डॉलरची समतुल्य रक्कम नायरात, सरकारी दराने. सरकारी दर तेव्हा एका डॉलरला ४६०-४७० नायरा होता आणि बरेच महिने फारसा हलला नव्हता. मालाचे कागद, जे दाखवल्याशिवाय बंदरात माल सुटत नाही, ते बँकेतून न पाठवता त्याच्या लागोसच्या माणसाकडे, त्याच्या हमीपत्रावर द्यायचे ठरले, म्हणजे बँकेचा खर्च वाचेल आणि लागोसच्या अपापा बंदरावर कंटेनर अडकणार नाही.

टंचाईची गोष्ट खरी होती. म्हणूनच ती खपली.

१४ जून २०२३ ला नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने दर मोकळा सोडला. एका दिवसात सरकारी बाजारातला डॉलर सुमारे ४७१ नायरावरून ६६४ वर गेला. त्यानंतर एजंटने व्हॉट्सअॅपवर एक बँक स्लिप पाठवली. तारीख १२ जून, रक्कम १ कोटी ३१ लाख ८८ हजार नायरा, म्हणजे ४७१ च्या दराने बरोबर २८,००० डॉलर. सोबत संदेश : व्यापाऱ्याने वेळेत पूर्ण रक्कम भरली, पण डॉलर घ्यायच्या आत नायरा कोसळला. आता त्याच नायरांचे १९,८६१ डॉलरच होतात, आणि करार सरकारी दराचा असल्याने नुकसान निर्यातदाराचं. तेवढे डॉलर त्याने पाठवलेही. बाकी ८,१३९ डॉलर, तेव्हाच्या दराने साडेसहा लाखांहून जास्त रुपये, हवेत गेले.

हिशेब इतका चोख होता की आमच्या सीएलाही त्यात खोट दिसली नाही. गुणाकार बरोबर, बातमी खरी, कराराची ओळ समोर. दैवाचा फेरा म्हणून सोडून द्यावं असंच सगळं जुळवलेलं होतं.

शेजारच्या लूमवाल्याचा भाचा लागोसला औषध कंपनीत नोकरीला आहे. त्याला ती स्लिप दाखवली, तर त्याने रक्कम पाहिलीच नाही, तारीख पाहिली. १२ जून हा नायजेरियाचा लोकशाही दिन, सार्वजनिक सुट्टी. २०२३ मध्ये तो सोमवारी आला होता, म्हणजे शनिवार-रविवार धरून सलग सुट्टी. शाखेत काउंटरवर पैसे भरल्याची शिक्का मारलेली स्लिप त्या दिवशीची असूच शकत नव्हती. नायरा कोसळल्यानंतर मागची तारीख टाकून ती बनवली होती, आणि मागची तारीख निवडताना तो कॅलेंडर पाहायला विसरला.

पण त्याहून मोठी गोष्ट त्या मुलाने पुढे सांगितली. नायजेरियाने २०१५ मध्ये ४१ वस्तूंची यादी काढून त्यांच्या आयातीला सरकारी खिडकीतून, म्हणजे सरकारी दराने, डॉलर देणं बंद केलं होतं. त्या यादीत प्लॅस्टिकच्या वस्तू होत्या. ही बंदी उठली ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे आमच्या व्यवहारानंतर. चटई मागवणाऱ्या व्यापाऱ्याला ४७१ चा डॉलर मिळणारच नव्हता! त्याला सरकारी दराबाहेरच्या खुल्या बाजारातूनच डॉलर घ्यावा लागायचा आणि तिथला भाव जूनच्या सुरुवातीलाच साडेसातशेच्या आसपास होता. आमच्या करारातला सरकारी दर आमच्या मालाला लागूच नव्हता. तो फक्त आम्हाला दाखवायला ठेवला होता.

तो मुलगा व्यापाऱ्याच्या दुकानी गेला आणि तिथून आमचं बोलणं करून दिलं. व्यापारी बिचारा चकित झाला. कागद घेतानाच, जूनच्या पहिल्या आठवड्यात, त्याने २८,००० डॉलरचे खुल्या भावाने पूर्ण पैसे मोजले होते, २ कोटी १० लाख नायरा. पावती त्याच्याकडे होती. म्हणजे एजंटच्या हातात पूर्ण २८,००० डॉलरचा पैसा आला होता. सरकारी दर हलला नसता तर त्याने काय सांगितलं असतं कोण जाणे. तो हलला, आणि त्याला आयतं कारण मिळालं. ज्या देशात डॉलरचे दोन भाव असतात तिथे मधला माणूस एका बाजूला एक भाव सांगतो, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि दोघांची गाठ पडू देत नाही. "व्यापाऱ्याशी थेट बोलू नका, त्याला राग येतो," असं तो आम्हाला पहिल्यापासून सांगत आला होता. तिकडे व्यापाऱ्याला सांगितलं होतं की जळगाववाल्यांना इंग्रजी येत नाही.

पैसे गेल्यावरही त्रास संपत नाही, हे फारसं कोणी सांगत नाही. शिपिंग बिलावर (कस्टम्सला दिलेल्या निर्यातीच्या कागदावर) ४०,००० डॉलर आणि खात्यावर आले त्याहून कमी, त्यामुळे बँकेच्या प्रणालीत ती नोंद उघडीच राहिली. १९,८६१ डॉलर पाठवणारी कंपनी दुबईची निघाली, मग गिऱ्हाईक एक आणि पैसे देणारा दुसरा कसा, याचा खुलासा बँकेने मागितला. उरलेली रक्कम बुडीत म्हणून मंजूर करून घ्यायची तर तेवढ्या हिश्शाचा ड्रॉबॅक (निर्यातीवर सरकारकडून परत मिळालेला कर) परत करावा लागतो. आणि ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमा असला तरी इथे कामाचा नाही. तो परदेशी खरेदीदाराने बुडवल्यावर मिळतो. निर्यातदाराच्याच एजंटने बुडवलं किंवा दराच्या चढउतारात तोटा झाला तर तो पॉलिसीत बसत नाही. एजंटने प्रकरण मुद्दाम या दोन्ही फटींत नेऊन ठेवलं होतं असं माझं ठाम मत आहे.

आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली आहे. बनावट स्लिप आणि व्यापाऱ्याची पावती दोन्ही जोडली आहेत. मुंबईचा गाळा भाड्याचा होता, तो रिकामा झाला.

त्याच व्यापाऱ्याबरोबर आमचा धंदा चालू आहे, आता थेट. भावपत्रावर लिहितो : भाव अमेरिकन डॉलरात, इतक्या तारखेपर्यंतच चालेल, आणि पूर्ण डॉलर जळगावच्या खात्यात जमा झाले म्हणजेच पैसे मिळाले; त्याआधी दर कितीही बदलला तरी तो खरेदीदाराचा. दोन्हीकडच्या बँकेचा खर्च कोणी सोसायचा तेही लिहितो, कारण आधी दर वेळी वीस-तीस डॉलर वाटेतच कापले जायचे. कागद फक्त बँकेमार्फत जातात. एजंटला कमिशन द्यायला हरकत नाही, पण पैसे आल्यावर आणि आमच्या खात्यातून.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. ६ मार्च २०२४ ला इजिप्तचा पौंड एका दिवसात डॉलरला सुमारे ३१ वरून ५० च्या आसपास गेला. तिथेही त्याआधी कितीतरी महिने सरकारी भाव एक आणि काळ्या बाजारातला दुसरा असा खेळ चालू होता. नंदुरबारच्या एका मिरची व्यापाऱ्याने मला एक करार वाचायला पाठवला आहे. त्यात चलन इजिप्तचं आहे, पण "समतुल्य रक्कम, सरकारी दराने" ही ओळ शब्दाला शब्द तीच. नंदुरबार, दोंडाईचा, शिरपूरकडे ज्यांच्या हातात असा कागद असेल त्यांनी सही करण्याआधी खरेदीदाराचा नंबर मागा. एजंट तो द्यायला तयार नसेल तर माल गोदामातच राहू द्या.